पाखराच्या पंगतीत खंडू

"उद्या सीझनचा लास्ट सॅटर्डे आहे, बाबा. मी खंडूला रानात शिकारीला नेतोय, डग पण येतोय. आणि उद्या तो वर्कआउट नाही झाला ना, तर डग त्याला तिथूनच स्वतःच्या फार्मवर घेऊन जाईल. मी सकाळी येतो. ओके? बाय."

निहारने फोन ठेवला. पार्सिपनीच्या त्या स्वयंपाकघरात तव्यावरची गूळपोळी करपायला लागली, तरी सुमेधाताईंचा उलथनं धरलेला हात हलेना.

"घेऊन जाईल म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे घेऊन जाईल," चारुदत्तराव म्हणाले.

"कायमचा?"

"फार्मवर गेलेला कुत्रा दिवाळीला माहेरी येतो असं काही मी ऐकलेलं नाही."

टेबलाखाली खंडू चारुदत्तरावांच्या सपातेवर हनुवटी ठेवून पडला होता. आपल्याविषयी काहीतरी चाललंय एवढं त्याला कळलं आणि त्याने शेपटी दोनदा जमिनीवर आपटली. सुमेधाताईंनी करपलेली गूळपोळी तव्यावरून काढली आणि गार व्हायला बाजूला ठेवली. करपलेल्या पोळ्या कोणाच्या, हे त्या घरात ठरलेलं होतं.

आता हा शिकारी जातीचा कुत्रा चारुदत्त खळदकर यांच्यासारख्या निवृत्त, शाकाहारी आणि बायपास झालेल्या इंजिनियरच्या घरात आला कसा, हे सांगायला हवं. त्यांचा मुलगा निहार जर्सी सिटीत एका उंच इमारतीत राहतो आणि मॅनहॅटनमधल्या बँकेत काम करतो. कॉलेजात त्याचा जो रूममेट होता, त्याचे वडील म्हणजे डग. पेनसिल्व्हेनियात त्यांची शेती. त्यांनी निहारला शिकारीचा नाद लावला. मुलाने पहिल्यांदा घरी हे सांगितलं तेव्हा सुमेधाताई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. चारुदत्तरावांनी मध्यस्थी करून पाहिली.

"अगं, आपला कुलस्वामी खंडोबा नाही का घोड्यावर बसून, कुत्रं घेऊन शिकारीला जात?"

"तो देव आहे. निहार बँकेत आहे," सुमेधाताई म्हणाल्या.

मग गेल्या उन्हाळ्यात डगने निहारला एक पिल्लू दिलं. पांढरंशुभ्र, अंगावर केशरी डाग, कान लोंबते, आणि आई-बाप, आजी-पणजी सगळे नावाजलेले शिकारी. कागदोपत्री नाव रेंजर. पण दिवसभर बंद घरात रेंजरने असा काही गळा काढला की वरच्या-खालच्या चार मजल्यांवरून तक्रारी आल्या. निहार त्याला घेऊन पार्सिपनीला आला. "फक्त दोन आठवडे, आई. प्लीज." सुमेधाताईंनी बजावलं, कुत्रं गराजमध्ये राहील. पहिली रात्र ते गराजमध्ये राहिलं. दुसऱ्या रात्री स्वयंपाकघरात. गणपती येईपर्यंत ते त्यांच्या गोधडीवर झोपायला लागलं होतं आणि रेंजरचा खंडू झाला होता.

खंडू आला आणि घर बदललं. बायपासनंतर डॉक्टरांनी चारुदत्तरावांना रोज चालायला सांगितलं होतं आणि चारुदत्तरावांनी रोज एक नवीन सबब शोधली होती. खंडूला सबबी कळत नसत. तो सकाळी पट्टा तोंडात धरून येई आणि पलंगाशी उभा राही. ज्या गल्लीत आयुष्य गेलं तिथल्या शेजाऱ्यांची नावं चारुदत्तरावांना कळली ती या कुत्र्यामुळे. साखर उतरली, झोप लागायला लागली. आणि निवृत्तीनंतर दोघांत जी एक शांतता येऊन बसली होती, तीसुद्धा गेली. आता संध्याकाळी बोलायला विषय असे. खंडूने आज काय केलं, खंडू आज कोणावर भुंकला, खंडूने भोपळ्याची साल खाल्ली तर चालते का.

अर्थात हे निहारला कोण सांगणार? दर रविवारी त्याचा फोन आला की सुमेधाताई सुरू होत. "मेला छळतो नुसता! सोफ्याचं वाटोळं केलं. माझी नवी चप्पल खाल्ली. कुठली ब्याद आणून ठेवलीस रे?" हे म्हणताना त्यांचा एक हात खंडूचे कान कुरवाळत असे. मागून चारुदत्तरावही ओरडत, "ओढून ओढून दमवतो रे मला! खांदा निखळेल एक दिवस!" फोन ठेवला की दोघं अगदी समाधानाने चहा घेत.

निहार तिकडून ट्रेनिंगच्या सूचना देई. एकदा त्याने पार्सलने फेझंटचा एक वाळवलेला पंख पाठवला. तो काठीला बांधायचा, खंडूच्या नाकासमोर नाचवायचा आणि त्याला पाखरांचं वेड लावायचं. सुमेधाताईंनी पार्सल उघडलं, "शिव शिव शिव" म्हणाल्या आणि पंख गराजमध्ये, रंगाच्या डब्यांमागे नेऊन ठेवला. तो अजून तिथेच आहे.

पण खंडूचं पाखरांशी शिक्षण झालंच नाही असं नाही. झालं, फक्त उलटं झालं. सुमेधाताईंचा वर्षानुवर्षांचा रिवाज होता: जेवायला बसायच्या आधी पहिला घास मागच्या डेकवर, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्यावर, पाखरांसाठी ठेवायचा. चिमण्या, कावळे, लाल कार्डिनल, जो येईल तो पाहुणा. खंडूने पहिल्याच दिवशी त्या पंगतीवर झडप घालून सगळ्यांना उडवून लावलं. त्या दिवशी सुमेधाताईंचा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला.

"अन्नावरून कोणाला उठवायचं नाही! कळलं? कोण्णाला म्हणजे कोण्णाला!"

महिनाभर त्यांनी त्याला हाच एक धडा दिला. घास ठेवला की खंडूने जागच्या जागी थांबायचं. पाखरू आलं की हूं की चूं करायचं नाही. त्याचं पोट भरून ते आपणहून गेलं की मगच खंडूला त्याची तूप लावलेली पोळी. मुलगा हुशार. पुढे पुढे तर नुसता घास ठेवलेला पाहिला की खंडू एक पाय हवेत तसाच धरून पुतळा व्हायचा.

"ट्रेनिंग कसं चाललंय?" निहार विचारी.

"एकदम शिस्तीत," चारुदत्तराव सांगत. हे खोटं नव्हतं. पण उद्या रानात हे सगळं बाहेर येणार आणि डगच्या गाडीच्या मागच्या पिंजऱ्यात बसून खंडू जाणार, या विचाराने त्या रात्री त्यांनी अर्धी पोळी ताटातच ठेवली.

सकाळी निहार आला तेव्हा बाहेर बर्फ साचलेला आणि थंडी अशी की श्वासाची वाफ दिसत होती. त्याने वडिलांसाठी शिकाऱ्यांचं भडक केशरी जाकीट आणि केशरी टोपी आणली होती. चारुदत्तरावांनी टोपी आपल्या माकडटोपीवरच चढवली.

"भगवं घातलंत, आता संन्यास घेऊन येऊ नका म्हणजे झालं," सुमेधाताई म्हणाल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता. त्यांनी वाटीतून दही-साखर आणली आणि खंडूच्या जिभेवर ठेवली.

"आई, त्याला एम्प्टी स्टमक न्यायचंय. डग म्हणतो, पोट भरलेलं असलं की डॉग पळत नाही."

"परीक्षेला कोणी उपाशी जातं का? तुला सॅटला सुद्धा दिलं होतं." आणि त्यांनी खंडूला वर एक अख्खी पोळी चारली. मग चारुदत्तरावांच्या हातात डबा दिला, हळूच म्हणाल्या, "अहो, काहीही करा, पण याला घेऊनच या." आणि चटकन आत निघून गेल्या.

गाडीत निहारने वडिलांना सगळं समजावलं. ही फेझंट पाखरं म्हणजे लांब शेपटीचा, तांबूस पिसांचा रानकोंबडाच. सरकार ती खुराड्यात दाण्यावर वाढवतं आणि सीझनमध्ये सरकारी रानात सोडतं. लायसन्स असेल तो कोणीही तिथे शिकार करू शकतो. पण आता सीझन संपत आला, त्यामुळे जी उरलीत ती महाबिलंदर. चांगल्या कुत्र्याशिवाय सापडायची नाहीत.

"कुत्र्याने काय करायचं असतं?"

"वास आला की एकदम फ्रीज व्हायचं. त्याला पॉइंट म्हणतात. मग मी पुढे जाऊन पाखरू उडवायचं आणि हवेत शूट करायचं. बसलेल्या पाखराला कोणी मारत नाही, बाबा. इट्स जस्ट नॉट डन."

"हे बरंय," चारुदत्तराव म्हणाले. मागच्या सीटवर खंडू दही-साखरेची ढेकर देऊन झोपला होता.

रानाच्या कडेला डग वाट पाहत उभा होता. दणकट, पांढऱ्या दाढीचा, आणि बोलणं अगदी बेताचं. तो बोलायचा अर्थातच इंग्रजीत, पण त्याचे ते मोजके शब्द आपण मराठीतच ऐकू. त्याच्या ट्रकमध्ये मागे पिंजरा होता आणि पिंजऱ्यात नवी कोरी घोंगडी घातलेली होती. चारुदत्तरावांनी ती घोंगडी पाहिली. त्यांनी घाईघाईने खिशातून तिळाचा लाडू काढून डगच्या हातावर ठेवला. संक्रांत होऊन गेली होती, पण रथसप्तमीपर्यंत चालतं. तिळगूळ घेतलेला माणूस आपलं वाईट करणार नाही, अशी त्यांना अंधुक आशा होती. डगने लाडू तोंडात टाकला, मान डोलावली आणि बंदूक घेतली.

पुढचे दोन तास खंडूने जे केलं त्याला शिकार म्हणता येणार नाही. पोट भरलेलं होतं, हवा छान होती, आणि सगळी आपली माणसं एकत्र फिरायला आलेली. त्याने कोणाचा तरी हरवलेला हातमोजा शोधला आणि आणून चारुदत्तरावांना दिला. कॉफीचा कागदी पेला शोधला, तोही त्यांनाच दिला. मग एक भलीमोठी काठी. दर खेपेला चारुदत्तराव कुजबुजत, "अरे, मला नको, तिकडे शोध, पाखरू शोध," आणि खंडू शेपटी हलवत पुन्हा त्यांच्या पायाशी येई.

"नाक चांगलं आहे," डग म्हणाला. बऱ्याच वेळाने पुढे म्हणाला, "डोकं कुठेतरी दुसरीकडे आहे."

चारुदत्तरावांना दम लागला होता. ते म्हणाले, "तुम्ही दोघं त्या ओढ्यापर्यंत जाऊन या. मी इथे बसतो खंडूबरोबर." दोघं पुढे गेले. चारुदत्तराव एका आडव्या पडलेल्या झाडावर बसले आणि खंडूचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं.

"कसं रे व्हायचं तुझं?" ते म्हणाले. "तिथे तुला गराजमध्येच ठेवतील. गोधडी नाही, काही नाही." खंडूने त्यांचा हात चाटला. चारुदत्तरावांचे डोळे भरून आले. आजूबाजूला कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते तसेच भरू दिले.

मग माणूस दुःखात जे करतो ते त्यांनी केलं. डबा उघडला. बटाट्याची भाजी, पोळ्या, आणि चार गूळपोळ्या. आता इतक्या वर्षांची सवय. हात आपोआप गेला, गूळपोळीचा एक मोठा तुकडा मोडला, कुस्करला आणि शेजारच्या झाडाच्या खुंटापलीकडे, बर्फावर ठेवला. पहिला घास पाखरांचा.

खंडू ताडकन उठला. त्याने घास पाहिला, चार पावलं मागे सरला, उजवा पाय उचलला आणि जागच्या जागी थिजला.

"अरे, इथे कशाला?" चारुदत्तराव म्हणाले. "इथे कोण येतंय जेवायला?"

तेवढ्यात समोरच्या काटेरी जाळीत खसफस झाली. एक तांबूस, लांब शेपटीचा, मानेला पांढरा पट्टा असलेला पक्षी बाहेर आला. बिचारं सरकारी खुराड्यात आयत्या दाण्यावर वाढलेलं पाखरू, त्यात महिनाभर सगळं रान बर्फाखाली. गूळ आणि तिळाचा वास त्याला गप्प बसू देईना. त्याने एकदा खंडूकडे पाहिलं. खंडूने नजरसुद्धा हलवली नाही. पाखराची खात्री पटली. ते डुलत डुलत खुंटामागे आलं आणि जेवायला बसलं.

चारुदत्तरावांचा हातातला घास हातात राहिला. आता उठावं तर पाखरू उठेल, न उठावं तर करावं काय? ते तसेच बसले, आणि त्याच वेळी मागून बर्फावर पावलं वाजली. निहार आणि डग परत येत होते. त्यांच्या बाजूने खुंटामागचं काही दिसत नव्हतं. त्यांना दिसला तो फक्त खंडू. पाय उचललेला, शेपटी ताठ, अंगावरचा एक केस हलत नाही.

डग थांबला. त्याने निहारचा दंड धरला.

"पॉइंट," निहार पुटपुटला. "ओ माय गॉड. ही इज पॉइंटिंग!"

ते थांबले. खंडू थांबलेला. वेळ गेला, आणखी गेला. साधा तरुण कुत्रा एवढ्यात केव्हाच झेपावला असता. खंडूला मात्र काहीच घाई नव्हती, पाहुणा आत्ताशी दुसऱ्या तुकड्यावर होता.

"एवढ्या वर्षांत," डग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "इतका संयम मी पाहिला नाही. हा कुत्रा स्पर्धेचा आहे. निहार, मी याला आनंदाने नेतो. वर्षभरात चँपियन करून दाखवतो."

चारुदत्तरावांनी हे ऐकलं आणि ते गारच पडले. नापास झाला तर जाणार होता. आणि आता पास झाला म्हणून चालला! तिकडे निहारने बंदूक सावरली आणि पाखरू उडवायला पाऊल पुढे टाकलं.

"थांब!" चारुदत्तराव झाडावरून उठून ओरडले. "थांब, निहार! जेवतोय तो!"

"कोण?"

"तो! पाखरू! अन्नावरून उठवू नकोस त्याला!"

निहार आणि डग दोघांनी माना लांब करून खुंटापलीकडे पाहिलं. फेझंट मान खाली घालून गूळपोळी खात होता. आरडाओरडा ऐकून त्याने एकदा वर बघितलं, कोणी अंगावर येत नाही असं पाहिलं आणि पुन्हा चोच घातली.

"बाबा," निहार अगदी हळू म्हणाला, "व्हॉट इज ही ईटिंग?"

"गूळपोळी."

डगने निहारकडे पाहिलं. निहारने डगला भाषांतर करून सांगायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यात सोडून दिला. बसलेल्या पाखराला मारायचं नाही हा शिकाऱ्याचा धर्म, आणि जेवणाऱ्याला उठवायचं नाही हा खळदकरांचा. त्यामुळे दोन बंदूकधारी पुरुष, एक माकडटोपीवाले गृहस्थ आणि एक कुत्रा असे चौघं त्या बर्फात मुकाट्याने उभे राहिले. एका पाखराचं जेवण होईपर्यंत. पाखराने सावकाश जेवण केलं. शेवटचा कण टिपला, खुंटावर चोच पुसली आणि उडण्याची सुद्धा तसदी न घेता चालत चालत जाळीत निघून गेलं.

ते गेलं आणि खंडूने पाय खाली ठेवला. मग सरळ चारुदत्तरावांसमोर येऊन बसला आणि तोंड वर करून वाट पाहू लागला. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. चारुदत्तरावांनी डब्यातली पोळी काढून त्याच्या तोंडात दिली आणि मग डेक, चिमण्या, सुमेधाताईंचा धडा, गराजमधला पंख, सगळं काही इंग्रजीत आणि मराठीत मिळून एकदाचं सांगून टाकलं.

डग ऐकत होता. ऐकता ऐकता त्याची दाढी हलायला लागली. मग त्याने बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकली, झाडावर बसला आणि पोट धरधरून हसला. डोळ्यांतून पाणी आलं बिचाऱ्याच्या.

"नाही, नाही," तो म्हणाला. "हा मला परवडायचा नाही. माझे बाकीचे कुत्रे बिघडतील. सगळे मिळून पाखरांना वाढायला लागतील." आणि त्याने डब्याकडे बोट दाखवलं. "त्या पाखराने काय खाल्लं ते आहे का अजून?"

चारुदत्तरावांनी त्याला अख्खी गूळपोळी दिली. पण निहार हसला नव्हता. तो बंदूक बाजूला ठेवून वडिलांसमोर उभा होता.

"बाबा, तुम्ही हे मला का नाही सांगितलंत?"

"अरे, खंडू नापास झाला तर तू त्याला देऊन टाकशील म्हणून. निहार, मी हात जोडतो, नको रे त्याला पाठवूस. घर खायला उठेल."

"बट यू गाइज हेट हिम!"

"कोण म्हणालं?"

"आई! एव्हरी संडे! सोफा खाल्ला, चप्पल खाल्ली, कुठली ब्याद आणून ठेवलीस. तुम्ही म्हणता, खांदा निखळेल. बाबा, तुमची बायपास झालीय! मला इतकं गिल्टी वाटायचं. मीच डगला रिक्वेस्ट केली, याला घेऊन जा म्हणून. ते 'वर्कआउट नाही झाला तर' मी उगाच म्हणालो, तुम्हाला ऑकवर्ड नको म्हणून. आज कसाही वागला असता ना, तरी तो जाणारच होता."

चारुदत्तरावांनी कपाळावर हात मारला.

"अरे वेड्या, ते कौतुक होतं!"

"मेला? ब्याद? दॅट्स कौतुक?"

"मग काय त्याला तोंडावर गोड म्हणायचं? दृष्ट नाही का लागत? ज्याच्यावाचून करमत नाही, त्याच्याच तर तक्रारी करतो आम्ही. तू लहान होतास तेव्हा आई पुण्याला फोन करून मावशीला काय सांगायची? कार्टं छळतं नुसतं, जीव नकोसा केलाय."

निहारने बुटाने थोडा बर्फ उकरला.

"मी ऐकायचो ते, जिन्यावर बसून," तो म्हणाला. "मला वाटायचं शी मीन्स इट."

इतकी वर्षं हे पोर जिन्यावर बसून काय समजत होतं आणि आपल्याला पत्ताही नाही! ते पुढे झाले आणि त्यांनी मुलाला जवळ घेतलं. दोघांच्या जाड केशरी जाकिटांमुळे नीटसं जमलं नाही, पण घेतलं. "नाही रे बाळा," ते म्हणाले, "तू तर आमचा जीव की प्राण होतास. आहेस." मध्ये खंडू घुसला आणि दोघांच्या बुटांवर बसला. डगने मुद्दाम दुसऱ्या दिशेला पाहत गूळपोळी संपवली.

निघताना डगने पिंजऱ्यातली घोंगडी काढून चारुदत्तरावांना दिली. "त्याच्यासाठी आणली होती, त्याचीच आहे," म्हणाला. सुमेधाताईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "आणताय परत मेल्याला? माझ्या नशिबी सुख नाहीच." आणि मग तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. निहारने या वेळी तो ऐकला आणि एकटाच हसला.

गाडी हमरस्त्याला लागली. मागे खंडू घोंगडीवर पाय ताणून घोरत होता. हीटरची ऊब होती आणि हिवाळ्याचं फिकट ऊन काचेतून मांडीवर पडलं होतं. चारुदत्तरावांना आतून भरून आलं. बिनपाखराचा दिवस, पण काय मिळालं नाही आज? कुत्रा मिळाला, आणि त्याहून मोठं म्हणजे मुलगा मिळाला. आपल्या काळजीने या पोराने स्वतःचा लाडका कुत्रा द्यायची तयारी केली होती, आणि वर आपल्याला संकोच नको म्हणून बहाणाही स्वतःच शोधला होता. याला काहीतरी म्हणायला हवं. पण आपल्या घरात आपल्याच माणसांचे आभार मानायची पद्धत कुठे? जन्मभर कधी मानले नव्हते. परक्यासारखं वाटतं. त्यांनी दोनदा घसा साफ केला, दोनदा माघार घेतली. शेवटी तिसऱ्यांदा, समोरच्या रस्त्याकडे बघत, त्यांनी बोलून टाकलं.

"निहार, थँक यू."

करकचून ब्रेक लागला. निहारने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, धोक्याचे दिवे लावले आणि वडिलांचं मनगट धरलं.

"छातीत दुखतंय का? डावा हात? घाम येतोय? बाबा, माझ्याकडे बघा, डोन्ट टॉक!"

"अरे, मला काही झालेलं नाही!"

"मग असं का बोललात?"

"आभार मानतोय तुझे!"

निहारने वडिलांचा चेहरा नीट न्याहाळला. रंग ठीक होता. श्वास ठीक होता. त्याने मनगट सोडलं आणि बराच वेळ स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. हसतोय की काय करतोय ते चारुदत्तरावांना कळेना. मग त्याने डोळे पुसले आणि गाडी पुन्हा सुरू केली.

"वेलकम, बाबा," तो म्हणाला. "पण आईला असं एकदम म्हणू नका हां. ती सरळ ॲम्ब्युलन्स बोलावेल."